देव नाही, मग ऐकायचे कुणाचे?

गेल्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना नुकतीच आटोपली होती. बायामाणसे चपला शोधत होती, पोरे खिरीच्या पातेल्याभोवती जमली होती. गिरणीत उमेदीची सारी वर्षे घालविलेले एक वयोवृद्ध उपासक माझ्याजवळ आले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "जयभीम गुरुजी. एक विचारायचे होते. देव आपण घरातून काढला, ते बरोबरच केले. पण आता पोरांना धाक कशाचा दाखवायचा?"

घडले होते ते असे. त्यांचा नातू बारावीला आहे. लागोपाठ चार दिवस तो रात्री बारानंतर घरी आला. पाचव्या दिवशी आजोबांनी दारातच अडवले आणि रागे भरले. तेव्हा पोरगा म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगता ना, थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, असा बुद्धाचा उपदेश आहे? मग तुमचे तरी मी का मानू?" आजोबा गप्प झाले. चाळीत भिंतीला कान असतात. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या बाई सहज बोलून गेल्या, "म्हणून तर आम्ही देव्हारा ठेवलाय. देव काढला की घराचा खांबच जातो."

हा टोमणा आजोबांच्या मनाला लागला होता. हा प्रश्न एकट्या त्यांचाही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्यांनी देवदेवता नाकारल्या, त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घराघरांत आज हा प्रश्न या ना त्या रूपाने उभा आहे. वर कुणी पाहणारा नाही, शिक्षा करणारा नाही, तर आईबापांचा, शिक्षकांचा, कायद्याचा अधिकार कशाच्या बळावर उभा राहायचा? या प्रश्नाला टाळी वाजवून उत्तर देता येणार नाही. तो नीट तपासला पाहिजे.

देवाच्या नावावर चाललेला अधिकार

प्रथम हे पाहू की, ज्या काळी अधिकार देवाच्या नावावर चालत होता, त्या काळी काय घडत होते. मनुस्मृतीचा सातवा अध्याय राजाविषयी आहे. राजा हा माणसाच्या रूपातील मोठी देवताच आहे, म्हणून तो लहान मूल असला तरी त्याचा अवमान करू नये, असे तिथे सांगितले आहे. याच ग्रंथाने चार वर्ण ब्रह्मदेवाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून निघाले असे सांगून पायापासून निघालेल्याला सेवेचे काम दिले. आता ज्याला सेवेचे काम मिळाले त्याने दाद कुठे मागायची? गावच्या पाटलाविरुद्ध मामलेदाराकडे जाता येते. देवाच्या हुकमाविरुद्ध कुठल्या कचेरीत अर्ज करणार? जो अधिकार देवाकडून आला असे म्हटले जाते, त्याला हिशेब विचारता येत नाही, ही त्यातली खरी मेख आहे.

हे फक्त आपल्याच देशात होते असे नाही. युरोपातील राजेही आपण फक्त देवाला जबाबदार आहोत, प्रजेला नाही, असे म्हणत. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच समजुतीत वाढला. प्रजेच्या प्रतिनिधींशी त्याचे युद्ध झाले आणि १६४९ साली त्याला देहदंड झाला. पुढे त्या देशात राजेपण परत आले, पण राजाच्या मर्जीपेक्षा कायदा मोठा, ही गोष्ट हळूहळू रुजत गेली.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन घडवून आणले, ते एखाद्या पुस्तकावरचा राग काढण्यासाठी नव्हे. ज्याला 'का?' असे विचारताच येत नाही, असा अधिकार आम्ही मानणार नाही, एवढेच त्या ज्वाळांनी सांगितले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देव मानणारा प्रत्येक जण गुलामगिरीचा समर्थक असतो असे मुळीच नाही. महात्मा जोतीराव फुले निर्मिक मानत होते आणि त्यांच्याएवढा भटशाहीचा कडवा विरोधक दुसरा झाला नाही. पण जोतीरावांनी निर्मिकाच्या नावाने कुणालाही दुसऱ्याच्या डोक्यावर बसवले नाही. तेव्हा शेजारच्या बाईंशी आपले भांडण नाही. त्यांनी देव्हारा जरूर ठेवावा. प्रश्न एवढाच आहे की, देव्हारा नसलेल्या घराचा खांब खरोखरच जातो काय?

नास्तिकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय?

जो देव मानत नाही त्याच्या वचनावर भरवसा ठेवता येणार नाही, असे मोठमोठे विद्वान म्हणत आले आहेत. इंग्लंडचा प्रसिद्ध विचारवंत जॉन लॉक धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कर्ता होता. पण त्यानेही नास्तिकांना त्या सहिष्णुतेतून वगळले. देव न मानणाऱ्याला वचन, करार, शपथ कसलेच बंधन वाटणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

या म्हणण्याची कसोटी दोनशे वर्षांनंतर लागली. १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा नास्तिक पुढारी नॉर्दॅम्प्टन येथून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. सभासदाला देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉ म्हणाला, मला देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करू द्या. सभागृहाने ते नाकारले. मग तो म्हणाला, ठीक आहे, रिवाज म्हणून शपथ घेतो, तिचे बंधन मी पूर्ण मानीन. सभागृहाने तेही नाकारले, कारण नास्तिकाची शपथ ती कसली शपथ! एकदा तर त्याला पार्लमेंटच्याच मनोऱ्यात कोंडून ठेवण्यात आले. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि सभागृह त्याला पुन्हा पुन्हा बाहेर ठेवीत राहिले. अखेर १८८६ साली त्याला आपली जागा मिळाली आणि १८८८ साली त्याच्याच प्रयत्नाने देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी, १८८९ साली, हा गृहस्थ मुंबईला राष्ट्रसभेच्या अधिवेशनाला येऊन गेला होता.

या माणसाने ठरवले असते तर पहिल्याच दिवशी तोंडदेखली शपथ घेऊन तो खुर्चीवर जाऊन बसला असता. त्याच्या मनात काय आहे हे कुणाला कळणार होते? पण आपली श्रद्धा नाही हे उघड सांगून त्याने सहा वर्षे धक्के खाल्ले. मग खोटे कोण आणि खरे कोण? वचन पाळण्याचे बळ माणसाला कुठून येते, याचे उत्तर लॉकला सापडले नव्हते असेच म्हणावे लागेल.

घटना समितीतील एक दुपार

आपल्या देशाच्या घटनेपुढेही हाच प्रश्न आला होता, हे आपल्या तरुणांना माहीत नसते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सरनाम्यावर चर्चा चालली होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की, सरनाम्याची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की, देव हा विषय कृपा करून मताला टाकू नका. पंडित हृदयनाथ कुंझरू म्हणाले की, जो सरनामा विचार, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य देतो, त्यातच सर्वांवर देव लादणे विसंगत आहे. कुंझरू काही नास्तिक नव्हते, हे ध्यानात घ्या. तरीही मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१ मते पडली आणि विरुद्ध ६८. दुरुस्ती फेटाळली गेली.

म्हणून आपल्या घटनेची सुरुवात देवाच्या नावाने होत नाही, लोकांच्या नावाने होते. ही घटना आम्ही लोकांनीच स्वतःला दिली आहे, असे ती सांगते. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, आमदार, खासदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने आहेत. तिथे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. हवे तर ईश्वराच्या नावाने शपथ घ्या, हवे तर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. दोन्हींचे वजन सारखे. कोर्टात साक्षीला उभे राहणाऱ्यालाही १९६९ च्या शपथ अधिनियमाने हीच सवलत दिली आहे. देवाचे नाव न घेता साक्ष दिली म्हणून खोटी साक्ष माफ होत नाही आणि देवाचे नाव घेऊन खोटे बोलणाऱ्याचा तुरुंग चुकत नाही.

सव्वीस जानेवारीला रस्त्यावर लाल दिवा दिसताच थांबणारा ड्रायव्हर देवाला घाबरून थांबत नाही. उद्या आपलेच पोर रस्ता ओलांडत असेल हे त्याला ठाऊक असते. कायद्याचा अधिकार असा एकमेकांच्या गरजेतून येतो.

पुढारी नसलेला संघ

हा विचार आपल्याला पश्चिमेकडून उसना घ्यावा लागला नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरची एक कथा मज्झिम निकायात आहे. राजगृह येथे वस्सकार नावाच्या ब्राह्मणाने भदन्त आनंदांना विचारले, "गौतमांनी आपल्यानंतर कुणाला तुमचा प्रमुख नेमले आहे काय?" आनंद म्हणाले, नाही. "मग संघाने कुणाला निवडले आहे काय?" नाही. "मग तुम्ही एकजुटीने राहता तरी कसे?" आनंदांच्या उत्तराचा भावार्थ असा की, आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार आहे. दर उपोसथाला आम्ही एकत्र जमतो, नियमांचे पठण होते आणि कुणाकडून उल्लंघन झाले असल्यास नियमाप्रमाणे त्याची दखल घेतली जाते. आम्हाला कामाला लावतो तो धम्म, कुणी माणूस नव्हे. ज्या भिक्खूच्या अंगी सद्गुण आहेत, त्याचा मात्र आम्ही आदर करतो.

संघाचा कारभार कसा चाले, हेही विनयपिटकात आहे. ठराव आधी संघापुढे मांडायचा. महत्त्वाच्या बाबीत तो तीनदा विचारायचा. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते मोजायची. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी मुद्दाम आठवण करून दिली होती की, संसदीय कामकाजाचे हे नियम बौद्ध भिक्खू संघाला फार पूर्वीपासून माहीत होते.

आणि मान कुणाला? शाक्य कुळातील अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच तथागतांना विनविले की, आम्हा शाक्यांना फार गर्व आहे, तेव्हा उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. संघात ज्येष्ठता जन्मावरून नव्हती, दीक्षेच्या क्रमावरून होती. पुढे पहिल्या संगीतीत विनयाचे सारे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. देवाने ज्याला पायापासून काढले असे म्हणत होते, त्याच्या शब्दाला पाचशे भिक्खूंनी प्रमाण मानले!

याहून मोठी गोष्ट म्हणजे पवारणा. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे बसून म्हणतो की, माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर मला सांगा. संयुत्त निकायात तर स्वतः तथागत संघाला विचारतात की, माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो काय? मुक्त झालेला शास्ता आपल्या शिष्यांना हे विचारतो. याने त्यांचा अधिकार कमी झाला काय?

सिगालाचे ओले कपडे

आता घराकडे वळू. दीघ निकायात सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. राजगृहाबाहेर सकाळी ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडून नमस्कार करीत होता. तथागतांनी कारण विचारले. तो म्हणाला, मरताना वडिलांनी सांगितले म्हणून करतो. कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हते.

तथागत त्याला असे म्हणाले नाहीत की, वडिलांचे बोलणे सोडून दे. तो धाकाने नमस्कार करीत होता त्याला त्यांनी अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकरचाकर व कामगार, वरची दिशा म्हणजे श्रमण. आणि प्रत्येक दिशेला दुहेरी कर्तव्ये सांगितली. मुलाने आईबापांचा सांभाळ करावा, तर आईबापांनी मुलाला वाईटापासून आवरावे, चांगल्याला लावावे, हाताला हुन्नर द्यावा, योग्य घरी लग्न लावून द्यावे, योग्य वेळी वारसा हवाली करावा. कामगाराने मालकाचे काम नीट करावे, तर मालकाने त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. गिरणीत आणि ठेकेदाराच्या हाताखाली राबलेल्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे. एकाही दिशेला एकतर्फी हुकूम नाही. ज्याला मान मिळतो, त्याच्यावर जबाबदारीही आहे.

आणि त्या नातवाने सांगितलेला कालाम सुत्तातील उपदेश? तो खराच आहे, पण पोराने अर्धाच सांगितला. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ, गुरू यांवर आंधळेपणाने विसंबू नका असे सांगितले आणि लगेच कसोटीही दिली. जी गोष्ट लोभ, द्वेष, मोह यांतून निघते, जिची सुज्ञ लोक निंदा करतात, जी केल्याने स्वतःचे व दुसऱ्याचे अहित होते, ती सोडा. जी हिताची आहे ती स्वीकारून तिच्याप्रमाणे वागा. म्हणजे 'आजोबा म्हणतात म्हणून' हे जसे कारण होत नाही, तसे 'मला वाटते म्हणून' हेही कारण होत नाही.

धाक की लाज?

कुणी म्हणेल, हे शहाण्या माणसांना ठीक आहे. कुणी पाहत नसताना माणसाला कोण आवरणार? तथागतांनी जगाचे दोन रक्षक सांगितले आहेत, हिरी आणि ओत्तप्प. वाईट करण्याची स्वतःलाच वाटणारी लाज आणि त्याच्या परिणामांची भीती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हेच सांगितले की, इतर धर्मांत जी जागा देवाची आहे, ती धम्मात नीतीची आहे. ही लाज आभाळातून पडत नाही. ती घरात, मोठ्यांचे वागणे पाहून येते.

देव काढला म्हणजे आपोआप न्याय येतो, असाही भ्रम नको. देव न मानणाऱ्या हुकूमशहांनीही विसाव्या शतकात लोकांना चिरडले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बळजबरीच्या मार्गावर बोट ठेवले होते. आणि घटना समितीतील त्याच भाषणात, राजकारणातील व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे जाणारा हमखास रस्ता आहे, असा इशारा दिला होता. तेव्हा "गप्प बस, फोटोतून बाबासाहेब बघतायत" असे लेकराला सांगणाऱ्या मातांनी विचार करावा. अशाने आपण बाबासाहेबांनाच देव्हाऱ्यात बसवीत नाही काय? बाबासाहेब लेकराला घाबरविण्यासाठी नाहीत, त्याला वाचावयास लावण्यासाठी आहेत.

पवारणेची रात्र

हे सारे मी त्या आजोबांना दोन-तीन रविवारी थोडे थोडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग एके दिवशी खाली बघत म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला अर्धेच सांगितले होते. पोरगा त्या रात्री आणखी एक बोलला. म्हणाला, आबा, रविवारी विहारात पाचवे शील तुम्हीच मोठ्याने म्हणता आणि पगाराच्या रात्री बाबांबरोबर बसता ते काय?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरले नव्हते. त्या घरातला खांब देव नसल्यामुळे हलला नव्हता. दिलेले वचन मोडल्यामुळे तो हलला होता, आणि पोराने ते पाहिले होते.

आश्विन पौर्णिमेला आजोबांनी घरी सर्वांना जेवणानंतर बसविले. सुनेला, लेकाला, नातवाला म्हणाले, "आज मी तुम्हाला विचारतो, माझे काय काय चुकते ते सांगा." लेक मान खाली घालून बसला. सूनबाई आधी रडली, मग बोलली. आजोबांनी नातवापुढे शब्द दिला की, यापुढे ते शील तोंडानेच नव्हे तर घशानेही पाळीन. मग नातवाला विचारले, "आता तू सांग, तुझी आई पहाटे पाचला कामावर जाते आणि तू येईपर्यंत जागी असते. हे हिताचे की अहिताचे?" पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दहापर्यंत येत जाईन. क्लासला उशीर होणार असेल तर फोन करीन."

तो रोज दहाला येतो असे नाही. परवा पुन्हा साडेअकरा झाले होते. पण फोन आला होता. आणि आजोबांना दारात उभे राहून ओरडावे लागले नाही. "का उशीर झाला?" एवढे त्यांनी विचारले आणि पोराने खरे कारण सांगितले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात देव्हारा नाही याची खंत करू नका. आपल्या मुलांनी 'का?' विचारले तर तो उर्मटपणा समजू नका. त्या एका शब्दासाठी आपल्या पूर्वजांनी महाडच्या रस्त्यावर डोकी फोडून घेतली आहेत. त्याचे उत्तर देता येईल असे वागा. येत्या पवारणेला आपल्या घरातील सर्वात थोर माणसाने सर्वात लहान माणसाला विचारावे की, बाळा, माझे काय चुकते? ज्या घरात हे विचारता येते, त्या घराचा खांब कुणालाही हलवता येणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!